मीटरच्या आकड्याला व्हाउचर हवे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुन्या मोटारींच्या खरेदीविषयी आपल्या पुरवणीत अधूनमधून जे लेख येतात, ते मी आवडीने वाचतो. त्यांतला सल्ला रास्त असतो, पण तो बहुतेक लहान गाड्यांना लागू पडणारा असतो. दिसायला साध्या घरगुती सेडान आणि बॉनेटखाली मात्र दांडगी ताकद, अशा गाड्या जुन्या बाजारात निम्म्या किमतीला मिळू लागल्यापासून आमच्या इंदुरात मध्यमवर्गीय घरांसमोरही उभ्या दिसतात. माझ्या घरासमोरही एक उभी आहे. ती घेताना मीटरवरच्या किलोमीटरच्या आकड्याबाबत मी केलेली चूक आणि त्या चुकीमागे असलेली व्यवस्थेतली उणीव, या दोन्ही गोष्टी आपल्या वाचकांसमोर मांडाव्यात म्हणून हे पत्र लिहीत आहे. पत्र थोडे लांबले आहे, त्याबद्दल क्षमस्व.

गाडी आहे २०१७ सालची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २३०. ऑक्टाव्हिया हे नाव मराठी माणसाला परके नाही. २००१ साली औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, कारखान्यात या कंपनीने भारतात जुळणी सुरू केली ती याच गाडीने. नेहमीची ऑक्टाव्हिया ही डॉक्टर, वकील आणि कारखानदार यांची शांत गाडी. आरएस हे तिचे तापट भावंड. दोन लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, २३० अश्वशक्ती, ३५० न्यूटन मीटर टॉर्क, शून्यापासून शंभरचा वेग सात सेकंदांच्या आत, आणि तरीही मागे ५९० लिटरची डिकी, जिच्यात लग्नाच्या रुखवताचे सामान मावते. २०१७ साली शोरूममध्ये तिची किंमत २४ लाख ६२ हजार रुपये होती. २०२० साली आलेली २४५ अश्वशक्तीची आरएस अवघ्या दोनशे ग्राहकांसाठी होती आणि तिला ३५ लाख ९९ हजार मोजावे लागत होते. २०२५ च्या ऑक्टोबरात जी नवी आरएस आली, तिच्या शंभर गाड्या ४९ लाख ९९ हजारांना हातोहात गेल्या. मी २०२३ च्या ऑगस्टमध्ये माझी गाडी पावणेचौदा लाखांना घेतली. हे आकडे शेजारी शेजारी मांडले की मोह का होतो ते निराळे सांगायला नको. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी असा मोह व्हावा का, हा प्रश्न आमच्या घरात अजून अनिर्णित आहे.

मी निवृत्त लेखापरीक्षक आहे. समोरच्या आकड्यामागचा कागद मागायचा, हे काम मी पस्तीस वर्षे केले. म्हणून गाडीचे कागद तपासण्यात मी हयगय केली नाही. चिरंजीव पुण्यात नोकरीला असल्याने गाडी तिथल्याच जुन्या गाड्यांच्या एका व्यावसायिकाकडे पाहिली. आरसीवरचा इंजिन नंबर आणि चेसिस नंबर मी स्वतः वाकून जुळवून पाहिला. बँकेचे कर्ज फिटल्याचा फॉर्म ३५ पाहिला, मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वरच्या सह्या पडताळल्या, दुसऱ्या राज्यात न्यायची म्हणून फॉर्म २८ ची एनओसी आधी मागून घेतली. सगळे चोख होते. मीटरवर ४८,६०० किलोमीटर दिसत होते. सहा वर्षांत एवढे म्हणजे वर्षाला आठ हजार, हेही पटण्यासारखे होते. फक्त याच एका आकड्याचे व्हाउचर मी मागितले नाही.

खुणा समोर होत्या, त्या मी वाचल्या नाहीत असे आज म्हणतो. टायरच्या बाजूला एक चार अंकी शिक्का असतो. त्याचे पहिले दोन अंक आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे असतात. माझ्या चारही टायरांवर ११२२ होते, म्हणजे ते २०२२ च्या अकराव्या आठवड्यातले होते. मी ते जमेच्या बाजूला धरले, की बरे झाले, टायर नवेच आहेत. आधीचे चारही टायर इतक्या कमी किलोमीटरमध्ये का बदलावे लागले, हा नावेच्या बाजूचा प्रश्न मला सुचला नाही. ब्रेकचे पेडल या गाडीत धातूचे असते आणि त्यावर रबराचे दाणे असतात. माझ्या गाडीतले दाणे उजव्या कोपऱ्यात झिजून धातूला टेकले होते. स्टिअरिंगचे कातडे वरच्या अर्ध्या भागात आरशासारखे चमकत होते. व्यावसायिक म्हणाला की आधीचे मालक गाडी फार स्वच्छ ठेवत. ती चमक सततच्या हातांची होती, हे समजायला मला नऊ महिने लागले.

२०२४ च्या मे महिन्यात आम्ही पुण्याहून लग्न आटोपून परतत होतो. गाडीत सौभाग्यवती, मी आणि माझी आई. धुळे, शिरपूर मागे पडले आणि सेंधव्याच्या अलीकडे बिजासन घाट चढताना कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा, लाल दिवा लागला. भर दुपारची वेळ, आणि पुढे मालवाहू ट्रकांची रांग. मंदिराच्या जवळ सावली पाहून गाडी थांबवली. इंजिन निवल्यावर पाहिले तर हा द्रव फिरवणारा वॉटर पंप आणि तापमान राखणारा थर्मोस्टॅट यांच्या प्लॅस्टिकच्या आवरणाखाली वाळलेल्या कूलंटचे गुलाबी पापुद्रे जमले होते, म्हणजे गळती आजची नव्हती, महिनोन्महिन्यांची होती. या पिढीच्या इंजिनात हा भाग कालांतराने गळतो हे त्यातल्या जाणकारांना ठाऊक असते. अशा बिघाडाची वाट न पाहता गाडीचे वय आणि किलोमीटर पाहून तो आधीच बदलणारेही पुष्कळ आहेत. मी बदलला नव्हता, कारण माझ्या मीटरप्रमाणे गाडी अजून तरुण होती.

इंदुरात आल्यावर आमच्या ओळखीच्या मिस्त्रींकडे गाडी दिली. पंप बदलून झाल्यावर त्यांनी सहज म्हणून स्कॅनर लावला. या गाड्यांमध्ये इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक यांचे वेगवेगळे संगणक असतात, आणि बिघाड झाला की तो कोणत्या किलोमीटरला झाला हेही नोंदून ठेवतात. गिअरबॉक्सच्या संगणकात एक जुनी नोंद सापडली. तिच्यापुढे आकडा होता ९१,३४०. तेव्हा माझ्या डॅशबोर्डवर छपन्न हजारही झाले नव्हते. जिथवर गाडी अजून पोहोचलीच नव्हती, तिथला बिघाड तिच्या पोटात लिहिलेला होता. मिस्त्री स्कॅनर माझ्याकडे वळवून म्हणाले, "काकाजी, ये गाड़ी तो आगे जाकर वापस आई है." मीटर मागे फिरवणाऱ्याने डॅशबोर्डवरचा आकडा बदलला होता, गिअरबॉक्सचा विसरला होता.

मग मी चेसिस नंबर आणि आरसी घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो आणि जुना सर्व्हिस इतिहास मागितला. मालक या नात्याने तो मला मिळाला. शेवटची नोंद जानेवारी २०२३ ची, ९४,१०० किलोमीटरची होती. म्हणजे किमान साडेपंचेचाळीस हजार किलोमीटर पुसले गेले होते. यातली खरी मेख अशी की हाच इतिहास खरेदीच्या आधी मी फोनवर मागितला असता तर मिळाला नसता, कारण तेव्हा मी मालक नव्हतो. माहिती ज्या क्षणी उपयोगाची असते त्या क्षणी ती बंद असते आणि पैसे दिल्यावर खुली होते. तेव्हा खरेदीदाराने विक्रेत्याला सोबत घेऊन किंवा त्याच्याकडून लेखी संमती घेऊन हा इतिहास आधी काढावा, आणि विक्रेता त्याला नकार देत असेल तर तिथूनच परतावे.

साध्या गाडीत मीटर मागे फिरवला तर खरेदीदाराचे काही हजार जातात. या प्रकारच्या गाडीत गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. आरएस २३० मध्ये सहा गिअरांचा दोन क्लचवाला स्वयंचलित गिअरबॉक्स आहे आणि त्याचे क्लच तेलात बुडालेले असतात. त्याच काळातल्या साध्या १.८ लिटर ऑक्टाव्हियातला सात गिअरांचा कोरड्या क्लचचा गिअरबॉक्स वेगळा, आणि त्याच्या तक्रारीही वेगळ्या. बाजारात दोघांनाही एकाच नावाने ओळखतात, त्यामुळे एकाचा दोष दुसऱ्याच्या माथी मारला जातो. तेलातले क्लच दणकट असतात, पण ते तेल आणि त्याची गाळणी दर ६०,००० किलोमीटरला बदलावी लागते. माझ्या मीटरप्रमाणे ती वेळ यायला अवकाश होता. इतिहासाप्रमाणे ती केव्हाच टळून गेली होती, आणि तेल बदलल्याची नोंद कुठेच नव्हती. मिस्त्रींनी काढलेले तेल मी पाहिले. नवे तेल पारदर्शक आणि सोनेरी असते. हे काळ्या कॉफीसारखे होते आणि बोटांत चोळल्यावर खरखरले. सकाळी गाडी मागे घेताना जो एक हलका झटका बसायचा, आणि ज्याला मी "हिचा स्वभाव" म्हणून दाद देत होतो, तो तेल बदलल्यावर बराच कमी झाला, पूर्ण गेला नाही. देखभालीचे सगळे वेळापत्रक किलोमीटरवर बेतलेले असताना किलोमीटरच खोटा असेल, तर मालक प्रामाणिकपणे पुस्तक पाळूनही गाडी मोडत असतो.

व्यावसायिकाचे म्हणणे असे पडले की गाडी त्याच्याकडे आली तेव्हा मीटर तोच होता. ते खरेही असेल. मी वकिलामार्फत नोटीस पाठवली. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते, व्यवहार पन्नास लाखांपर्यंतचा असेल तर तो जिल्हा आयोगाच्या कक्षेत येतो, आणि तक्रारीची मुदत दोन वर्षांची असते. पुण्यात घेतलेल्या गाडीसाठी इंदुरात दाद मागता येते हे पुष्कळांना माहीत नसते, म्हणून मुद्दाम लिहिले. माझ्या बाबतीत नोटिशीनंतर साठ हजारांवर तडजोड झाली. ती मी स्वीकारली, कारण आईचे वय पाहता तारखांना हेलपाटे घालण्याची तयारी नव्हती. ती तडजोड योग्य होती असे माझे मत नाही.

आता व्यवस्थेविषयी. केंद्रीय मोटार वाहन नियमांत डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यावसायिकांना नोंदणी प्राधिकाऱ्याकडून अधिकारपत्र घेणे आवश्यक झाले. गाडी ताब्यात घेतल्याची सूचना पोर्टलवर द्यायची, त्यानंतर विकेपर्यंत तिची जबाबदारी व्यावसायिकावर, आणि गाडी बाहेर काढली तर त्या फेरीचे कारण, चालक, वेळ आणि अंतर एका इलेक्ट्रॉनिक नोंदवहीत लिहायचे. नियम उत्तम आहे. मी गाडी घेतली तेव्हा तो लागू होऊन चार महिने झाले होते, आणि माझ्या व्यवहारात अधिकारपत्राचा उल्लेखही कोणी केला नाही. मीही विचारला नाही, कारण असा नियम आहे हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. चाचणीसाठी दोन किलोमीटर फिरवलेल्या गाडीचे अंतर नोंदवायला सांगणारा नियम, त्या गाडीने आयुष्यात एकूण किती अंतर कापले हे ग्राहकाला दाखवायला सांगत नाही, याचे मात्र मला आश्चर्य वाटते.

उपाय अवघड नाही. पहिले वर्ष सरले की प्रत्येक गाडीला पीयूसी काढावी लागते आणि प्रदूषणाच्या भारत स्टेज चार आणि त्यापुढच्या मानकांच्या गाड्यांना ती दरवर्षी लागते. जुन्या गाडीचा विमाही दरवर्षी भरावा लागतो. सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर गाडीच्या क्रमांकावरून नोंदणीची तारीख, विम्याची आणि पीयूसीची मुदत आजही कोणालाही पाहता येते. त्याच ओळीत त्या दिवशीचा मीटरचा आकडा नोंदवला आणि तो सर्वांना दिसू दिला, तर मागे फिरवलेला मीटर पुढच्याच वर्षी उघडा पडेल. ब्रिटनमध्ये तीन वर्षांपेक्षा जुन्या गाडीची दरवर्षी तपासणी होते, तिच्यात मीटरचा आकडा लिहितात आणि गाडीच्या क्रमांकावरून तो इतिहास कोणालाही फुकट पाहता येतो. बेल्जियममध्ये २००६ पासून जुनी गाडी विकताना मीटरच्या नोंदींचा दाखला खरेदीदाराला देणे सक्तीचे आहे. आपल्याकडे पोर्टल आहे, तपासणी केंद्रे आहेत, दरवर्षीची भेटही आहे. एक रकाना वाढवायचा आहे. पीयूसीवाला गाडी न पाहताच कागद देईल अशी शंका कोणी घेईल, आणि ती निराधार नाही. पण त्याने खोटा आकडा लिहिला तरी पुढच्या वर्षीच्या विम्याच्या आकड्याशी त्याचा ताळा घालावाच लागेल.

परराज्यातून गाडी आणणाऱ्यांसाठी दोन शब्द. बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी दुसऱ्या राज्यात ठेवली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे तिथला क्रमांक घ्यावा लागतो. मला एमएच १२ चे एमपी ०९ करताना उरलेल्या आयुष्याचा कर इथे भरावा लागला आणि तिथल्या कराच्या परताव्याचा अर्ज निराळा करावा लागला. गाडी स्वस्त वाटते तेव्हा हा आकडा हिशेबात धरलेला नसतो. विकणाऱ्यांनीही सावध असावे. गाडी विकली पण आरसीवर नाव आपलेच राहिले आणि अपघात झाला, तर नुकसानभरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे. शिवाय व्यावसायिक जीएसटी लावत असेल तर तो त्याच्या नफ्याच्या रकमेवर असतो, गाडीच्या पूर्ण किमतीवर नाही, आणि एका खासगी व्यक्तीने दुसरीला गाडी विकली तर तो लागतच नाही.

गाडी बाळगण्याच्या खर्चाचा हिशेब मी वहीत लिहीत आलो आहे. दोन वर्षांत गिअरबॉक्सचे तेल, पंप, पुढच्या ब्रेकच्या डिस्क आणि दोन टायर मिळून सव्वादोन लाख गेले. अठरा इंची चाकांचे टायर इतके चपटे आहेत की आमच्या शहरातल्या एका खड्ड्याने एक टायर फुगवला, एक रिम वाकवली. शहरात लिटरला नऊ, हमरस्त्यावर चौदा किलोमीटर पडतात. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असते आणि इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या सुमारे दोनतृतीयांश ऊर्जा असते, तेव्हा त्या मानाने मायलेजमध्ये थोडा फरक गृहीत धरावा. वीस टक्के इथेनॉलला अनुरूप गाड्या एप्रिल २०२३ पासून येऊ लागल्या, माझी त्याआधीची आहे, म्हणून रबरी नळ्या मी दर सर्व्हिसला तपासायला सांगतो. आधीच्या मालकाने इंजिनाच्या संगणकातली आज्ञावली बदलून ताकद वाढवली होती का, हेही तपासून घेतले. वाढवली नव्हती. वाढवलेली असती तर विम्याच्या दाव्यावेळी तोंडावर पडलो असतो.

एवढे सगळे लिहूनही मी गाडी विकलेली नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. आमच्या शेजारी पिथमपूरला ११.३ किलोमीटरचा वेगवान गाड्यांचा चाचणी मार्ग आहे. २०२१ साली तो सुरू झाला. तिथे कंपन्यांच्या गाड्या काय वेगाने जातात कोण जाणे. मला कायद्याने चौपदरी रस्त्यावर शंभरचीच मुभा आहे, आणि राजवाड्यापाशी तर मी दुसऱ्या गिअरच्या पुढे जात नाही. पण घाटात ट्रकला ओलांडताना ही गाडी जो काळ कमी करते, विरुद्ध बाजूला असण्याचे जे चार सेकंद वाचवते, ते मला वेगाच्या आकड्यापेक्षा मोलाचे वाटतात. आईला मात्र तिचे स्प्रिंग अजिबात पसंत नाहीत. "गाडी आहे की पाटा-वरवंटा?" असे ती प्रत्येक गतिरोधकावर विचारते, आणि त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही.

आज मीटरवर ७१,२४० दिसतात. वहीत मी त्यापुढे ४५,५०० मिळवून किमान १,१६,७४० लिहितो आणि पुढचे गिअरबॉक्सचे तेल त्या हिशेबाने ठरवतो. उद्या ही गाडी विकेन तेव्हा दोन्ही आकडे, सर्व्हिस इतिहासाची प्रत आणि स्कॅनरच्या त्या नोंदीचा कागद खरेदीदाराच्या हाती देईन. किंमत लाखभराने खाली येईल असे मिस्त्री सांगतात.

आपला,
एक निवृत्त लेखापरीक्षक
रामबाग, इंदूर